साड्यांची कनात

आमच्या सोसायटीच्या गणपतीची पहिली मीटिंग पार्किंगमध्ये भरते. विषय एकच, देखावा कसला करायचा. ‘कुणीही काहीही सुचवा, संकोच नको,’ असं चेअरमन म्हणतात आणि पाऊण तास स्वतःच सुचवतात. ते श्वासाला थांबले की सी विंगचे काका सुरू होतात. काका रिटायर झालेत, पण आवाज अजून सर्व्हिसमध्ये आहे.

मी मागच्या खुर्चीत एक वाक्य घेऊन बसलेला असतो. घरून घोटून आणलेलं. आधी घसा खाकरतो. लगेच कुणीतरी म्हणतं, “अरे, यांना पाणी द्या.” पाणी पिऊन होईस्तोवर विषय देखाव्यावरून वर्गणीवर, वर्गणीवरून डीजेवर आणि तिथून ए विंगमधल्या कुत्र्यावर गेलेला असतो. आता माझं वाक्य काढायचं, तर आधी त्या कुत्र्याला वळसा घालायला हवा.

गेल्या वर्षी धीर करून पुटपुटलो, “जुन्या साड्यांची कनात केली तर...” ते फक्त शेजारी बसलेल्या काकांनी ऐकलं. दोन मिनिटांनी त्यांनी तेच खणखणीत आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. देखावा मात्र चेअरमनांच्याच मनातला झाला.

“घरी तर तोंड बंद होत नाही तुमचं,” ही म्हणाली. त्या रागात मी जरा वाचन केलं. ब्रेनस्टॉर्मिंगचा हा प्रकार अॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्यानं रूढ केला. एकत्र बसा, सुचेल ते बोला, कुणाला नावं ठेवू नका. १९५८ साली येल विद्यापीठात याची परीक्षा झाली. चौघं एकत्र बसवले, तितकेच वेगवेगळे बसवले आणि याद्या मोजल्या. वेगवेगळे बसलेले जिंकले! पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी कारणही दाखवलं. एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे पाळीची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात सुचलेलं निसटतं. म्हणजे माझा पाण्याचा पेला थेट शास्त्रात पोचलेला आहे.

यावर उपाय १९६८ साली बेर्न्ट रोरबाख या जर्मन गृहस्थानं काढला. सहा जणांनी पाच मिनिटांत तीन-तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. अख्खी जपमाळ!

हे मीटिंगमध्ये सांगणं शक्य नव्हतं, म्हणून सेक्रेटरीबाईंना रात्री व्हॉट्सअॅप केलं. मिनिट्स लिहून त्यांचा हात भरून यायचा. त्या लगेच तयार झाल्या.

या वर्षी आम्ही सहा जण बसलो, जुन्या पावतीपुस्तकाची पाठकोरी पानं घेऊन. “बोलायचं नाही म्हणजे किती वेळ?” चेअरमननी विचारलं. पाच मिनिटं म्हटल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. पार्किंगमधली ट्यूबलाइट गुणगुणते, हे मला त्या दिवशी कळलं.

चेअरमनच्या कागदावर नेहमीचं ‘थर्माकोलचं केदारनाथ’ होतं. त्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ‘२०१८पासून बंदी आहे.’ इतकी वर्षं हे त्यांच्या तोंडावर कुणीही बोललं नव्हतं. आमचे खजिनदार हिशेबापलीकडे तोंड उघडत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, ‘घरोघरचं जुनं पितळ मांडू. खर्च नाही.’ समया, घंगाळी, पानाचे डबे! पुढच्या फेरीत चेअरमननीच खाली लिहिलं, ‘आमचा बंब घ्या.’

१०८पर्यंत आम्ही पोचलो नाही. तिसऱ्या फेरीत चहा आला. पितळ ठरलं.

मी साड्यांची कनात पुन्हा लिहिली होती. निवड होवो न होवो, निदान नावावर तरी लागावी. कागद फिरून परत आला, तेव्हा तिच्याखाली सेक्रेटरीबाईंच्या अक्षरात एक ओळ होती.

‘ही गेल्या वर्षी काकांनी सुचवलेली आहे.’