मुख्याध्यापक महोदयांस, मुलगी तिसरीत जपून ठेवल्याबद्दल

प्रति,
माननीय मुख्याध्यापक महोदय,
मु. पो. चाकूर, जि. लातूर
(शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला प्रसिद्धी रुचत नाही, हे मी जाणते.)

विषय : आभार मानण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार, वि. वि.

माझी मुलगी तिसरीत बसून पाचवीची गणिते सोडवते, तेव्हा चाचणी घेऊन तिला पुढच्या इयत्तेत बसवावे, असा अर्ज मी दिला होता. आपण तो चष्मा पुसून वाचलात आणि मायेने विचारलेत, "ताई, एवढी घाई कशाला?" लेकराची एवढी काळजी आई असून मला सुचली नव्हती. उपकृत आहे.

वर्गात तिला कंटाळा येऊ नये म्हणून आपण केलेल्या सोयीबद्दल तर किती आभार मानू? तिची गणिते लवकर होतात. मग ती इतरांच्या वह्या तपासते, आणि बाई कार्यालयात माहिती भरत बसल्या की पाढे घेते. डी.एड., टीईटी झालेली पोरे पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली आहेत आणि माझ्या लेकीला आठव्या वर्षीच नेमणूक मिळाली. पगार नाही, पण अनुभव मिळतो. तिसरीला शिकवण्याइतकी ती मोठी आहे. फक्त चौथीत शिकण्याइतकी नाही.

केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले की ती पहिल्या बाकावर असते. एकोणतीसचा पाढा, टाळ्या, शेरेबुकात शाळेबद्दल चार चांगल्या ओळी. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की ती पुन्हा सर्वसामान्य. हा साधेपणाचा संस्कार घरी आम्हाला जमला नसता.

आपण म्हणालात, वय आडवे येते. वयासमोर मी काय बोलणार? आपल्या भागात वयाला फार मान. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की गुरुजी पोराला पहिलीत घेत आणि रजिस्टरवर १ जून ठोकून देत. माझ्या वडिलांचा जन्म १ जूनचा, सासऱ्यांचा १ जूनचा, आणि कानावर आले ते खरे असेल तर आपल्या सेवापुस्तकातलाही १ जूनचाच. म्हणून तर ३१ मेला निवृत्तीच्या सत्कारांना हार पुरत नाहीत. ज्या रकान्यात गुरुजींनी अंदाजपंचे आकडे भरले, तो रकाना आता इतका पवित्र झाला आहे, की माझ्या मुलीच्या डोक्यात काय आहे ते बघायची गरजच उरली नाही. तिचा हात कानापर्यंत पोचतो. कळवून ठेवते.

कायद्याचा दाखलाही आपण दिलात. मग मी २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचला. त्याच्या चौथ्या कलमात सहा वर्षांवरच्या शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेण्याची आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला खास प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ऊसतोडीच्या फडावरून आलेले दहा वर्षांचे पोर पहिली न पाहता थेट पाचवीत बसू शकते. ते बसलेच पाहिजे. त्याची वर्षे त्याने गमावलेली नाहीत, आपण सगळ्यांनी गमावली आहेत. माझी शंका एवढीच, की अभ्यास न झालेले मूल इयत्ता ओलांडू शकते आणि झालेले मूल ओलांडू शकत नाही, यात कायदा कुठला आणि आपला स्वभाव कुठला?

मोठ्या पोरांत ती बावरेल, ही आपली भीती मात्र मनाला भिडली. मागे बाई रजेवर होत्या तेव्हा दुसरी, तिसरी, चौथी एकाच खोलीत बसवली होती. तेव्हा कोणी बावरल्याचे कळले नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून २००४ साली एक अहवाल निघाला. पन्नासेक वर्षांचे संशोधन तपासून त्याने सांगितले, की अशी पुढे नेलेली मुले अभ्यासात टिकतात आणि बहुतेक रमतातही. पण त्या संशोधकांनी चाकूर पाहिलेले नाही, हे आपले म्हणणे मान्य.

पुढे नीटला सतरा वर्षे पूर्ण लागतात, हेही आपण लक्षात आणून दिलेत. तिसरीतल्या पोरीच्या मेडिकल प्रवेशाची चिंता लातूर जिल्ह्याबाहेर कोणी करेल का? तिला सध्या लातूर रोड स्टेशनच्या गाड्यांचे वेळापत्रक नव्याने मांडायचे आहे, पण ते सोडा. इथे बारावी झालेली पोरे नीटसाठी एक वर्ष थांबतात, दुसरे थांबतात, कुणी तिसरेही. त्यांच्यासाठी क्लास आहेत, खोल्या आहेत, मेस आहेत, बँकेचे कर्ज आहे. त्यांना कोणी विचारत नाही, "एवढा उशीर कशाला?" लातूर पॅटर्नमध्ये वर्ष घालवायला परवानगी लागत नाही. वाचवायचे म्हटले की शाळेचे पोर्टल एन्ट्री घेत नाही.

दिल्लीकडची मंडळी मात्र बिघडत चालली आहेत. यूजीसीने २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत संपवायची वाट मोकळी केली. आपण तिथे नव्हतात, म्हणून घडले.

मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण मी दिले, तेव्हा आपण हसलात. तिने सातवीत शाळा सोडली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक आणले. बारावीचा कागद नसल्याने आयआयटीचे दार बंद राहिले; चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने शिकू दिले आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने प्रवेश दिला. "अपवाद आहे," म्हणालात. बरोबर. अपवादासाठीच अर्ज केला होता. नियमासाठी केला असता तर टी.सी. मागितली असती. "आज तुमची, उद्या सगळेच पालक मागतील," हेही पटले. चाकुरात एवढी हुशार लेकरे निघाली, तर शाळेवर केवढे संकट!

आता एकच विनंती. आपला नकार नेहमी तोंडी असतो, चहासोबत असतो. चहा उत्तम असतो. तेवढा नकार लेखी द्यावा : सही, शिक्का आणि जावक क्रमांकासह. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना तो लागतो, आणि रिकाम्या हाताने गेलेले बरे दिसत नाही.

कळावे, लोभ आहेच, वाढू देऊ नये.

आपली नम्र,
तिसरीतल्या एका विद्यार्थिनीची आई

ता. क. : पोषण आहाराच्या फलकावरील तांदळाची बेरीज चुकली आहे, असे ती म्हणते. तो हिशेब तिसरीच्या अभ्यासक्रमात नसल्याने आम्ही तिला गप्प बसवले आहे.