हरवलेल्या मसुद्यांचे धनी

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या जलद गाडीच्या मधल्या एखाद्या डब्यात, चौथ्या सीटवर अर्धा देह टेकवून आणि उरलेला अर्धा परमेश्वराच्या हवाली करून बसलेले एखादे पन्नाशीतले गृहस्थ एकाएकी कपाळावर हात मारून ‘गेली!’ असे उद्गारले, तर नवख्या प्रवाशाने आपले पाकीट चाचपण्याचे कारण नाही. त्यांचे पाकीट गेलेले नसते, साखळी गेलेली नसते, नोकरीही बहुधा गेलेली नसते. त्यांची पोस्ट गेलेली असते. डोंबिवलीपासून लिहीत आणलेली, अक्षरशः ‘एवढी मोठी’ पोस्ट; आणि ‘एवढी’ म्हणताना त्यांचे दोन्ही हात असे काही फाकतात की शेजारच्याचा चष्मा जायची वेळ येते.

आमच्या डब्यात या गृहस्थांना मसुदेराव म्हणतात. त्यांचे खरे आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक डब्यात निदान एक मसुदेराव असतोच, आणि त्याचे आडनाव बाकागणिक बदलते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तीन गावांत त्यांचे उपप्रकारही आढळतात. कल्याणकर मसुदेरावाला खिडकी मिळते, त्यामुळे त्याची पोस्ट पूर्ण होऊन मग हरवते. डोंबिवलीकराची अर्ध्यावर असताना हरवते. आणि ठाणेकराला ऐन गर्दीत खिशातून मोबाईल काढण्याइतकीही जागा मिळत नसल्यामुळे त्याची मनातल्या मनातच हरवते, जी त्याच्या मते तिघांत सर्वश्रेष्ठ असते. आमचे मसुदेराव शुद्ध डोंबिवलीकर.

या इसमाच्या प्रसिद्ध लेखनाची मोजदाद दोन्ही हातांच्या बोटांत आटोपते, आणि त्यातही चार वाढदिवसाच्या शुभेच्छा व एक हरवलेल्या छत्रीबद्दलचे निवेदन आहे. परंतु अप्रसिद्ध, किंबहुना प्रसिद्ध होता होता राहिलेल्या लेखनाचा विचार केला, तर त्यांच्यासारखा बहुप्रसव लेखक डोंबिवलीच्या फडके रोडवर दुसरा नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, तेव्हा तिन्ही दिवसांचा साकल्याने परामर्श घेणारा लेख त्यांनी सावळाराम महाराज क्रीडासंकुलाच्या मैदानावर उभ्याउभ्या लिहिला होता म्हणे, तो गेला. त्यामुळे त्या संमेलनाबद्दल खरे काय ते महाराष्ट्राला अद्याप कळलेलेच नाही, असे ते खेदपूर्वक सांगतात. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीत प्रथम निघाली, त्या पहिल्या यात्रेची आठवण त्यांनी तीनदा लिहिली आणि ती तीनदा गेली. शं. ना. नवरे २०१३ च्या सप्टेंबरात निवर्तले, त्या रात्री शन्नांवर लिहिलेली पोस्ट तर अशी होती की ती गेल्यावर आपण जेवलो नाही, असे ते म्हणतात. (या विधानाला त्यांच्या घरून दुजोरा मिळालेला नाही.)

‘पोस्ट गेली’ या वाक्यात मसुदेराव नेहमी पोस्टलाच कर्ता करतात. ‘मी घालवली’ हा प्रयोग त्यांच्या व्याकरणात नाही. त्यांच्या लेखी या सर्व चोऱ्यांचा मूळ आरोपी एकच होता, तो म्हणजे पारसिकचा बोगदा. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब असा हा बोगदा जलद गाड्यांची वाट वाचवण्यासाठी डोंगर पोखरून काढला गेला, परंतु इंग्रजांनी तो आपल्या लेखनात व्यत्यय आणण्यासाठी शंभर वर्षे आधीच खोदून ठेवला अशी त्यांची दृढ समजूत होती. बोगद्याच्या तोंडाशी ‘पोस्ट’ या अक्षरांवर बोट टेकवावे, आत शिरताच मोबाईलचे जाळे तुटावे, ते वर्तुळ गरगर फिरत राहावे, आणि कळव्याच्या बाजूला उजेडात येऊन पाहावे तो पान कोरे! हे वर्णन ते इतक्या हृद्य रीतीने करीत की ऐकणाऱ्याला मध्य रेल्वेवर नुकसानभरपाईची फिर्याद लावावीशी वाटे.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे आणि दिवा यांच्या दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि आमच्या जलद लोकल मुंब्रा-कळव्याच्या अंगाने उघड्यावरून धावू लागल्या. डोक्यावर आकाश, शेजारी खाडीचा वारा. आता मसुदेरावांच्या प्रतिभेला मोकळे रान मिळाले या आनंदात आम्ही त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी ते स्वीकारले नाही. त्या सप्ताहात त्यांच्या दोन पोस्ट गेल्या. एक मुंब्र्याला आणि एक, गाडी नुसती उभी असताना, कोपरला. आरोपी निर्दोष सुटल्यावर फिर्यादीचे तोंड जसे होते तसे त्यांचे तोंड काही दिवस झाले होते, आणि खरे सांगायचे तर मला बोगद्याबद्दल प्रथमच सहानुभूती वाटली.

गेलेली पोस्ट परत मिळवण्याच्या त्यांच्या खटपटींचा इतिहास तपशीलवार लिहू गेल्यास तोही हरवण्याइतका लांब होईल. म्हणून दोनच प्रकरणे सांगतो. अर्धवट राहिलेला मसुदा बहुतेक वेळा अमेरिकेत कोठे साठवलेला नसून आपल्याच मोबाईलच्या पोटात पडून असतो, आणि फेसबुकचे अॅप काढून टाकले की पोटातला मसुदाही त्याच्याबरोबर सती जातो, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. डब्यातल्या एका तरुण तज्ज्ञाने ‘काका, अॅप डिलीट करा आणि परत टाका, सगळं परत येतं,’ असा सल्ला दिला, आणि मसुदेरावांनी तो भांडुप येण्यापूर्वी अमलात आणला. उंदराने पळवलेला लाडू सापडावा म्हणून घराला काडी लावण्याचा हा प्रकार होता. अॅप परत आले. त्याने मसुदेरावांना त्यांचे नाव विचारले.

दुसरे प्रकरण नकलेचे. कन्येने त्यांना शिकवले की लिहून झालेला मजकूर आधी कॉपी करावा, म्हणजे कळफलकाच्या क्लिपबोर्डावर त्याची नक्कल राहते. ही गोष्ट खरी. फक्त त्यांच्या मोबाईलवरच्या जीबोर्डात ती नक्कल मुद्दाम टाचून न ठेवल्यास एक तास राहते, आणि जलद गाडीने डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला तासाहून चार-पाच मिनिटे अधिक लागतात. मसुदेरावांनी रात्री लिहिलेला मजकूर डोंबिवलीच्या फलाटावर कॉपी केला, कार्यालयात पोहोचून निवांतपणे चिकटवावा अशा बेताने मोबाईल खिशात ठेवला, आणि गाडी मशीद स्थानकापुढे सिग्नलला उभी असताना नकलेची मुदत संपली. मूळ मजकूर? तो नक्कल काढताच त्यांनी पुसून टाकला होता. एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती ठेवणे त्यांच्या जुन्या शिस्तीत बसत नाही.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर ते परंपरेचा आधार घेतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, आणि तेरा दिवसांनी नदीने त्या कोरड्या परत केल्या, ही कथा ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याने त्यांच्या आणि तुकोबांच्या मधले इतर फरक विसरून जावेत. त्यांचा दुसरा आधार लोकमान्यांचा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला ‘गीतारहस्या’चा मसुदा १९१४ साली सुटकेनंतरही काही काळ सरकारच्या ताब्यातच राहिला, तेव्हा वह्या परत न मिळाल्यास सर्व पुन्हा लिहून काढण्याची तयारी टिळकांनी दाखवली होती असे सांगतात, पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ निघाला. ही हकीकत त्यांच्याच तोंडून पाचव्यांदा ऐकल्यावर मी विचारले, “मग मसुदेराव, तुम्हीही पुन्हा लिहून का काढीत नाही?”

त्यांनी माझ्याकडे अत्यंत दयार्द्र दृष्टीने पाहिले. “अहो, लोकमान्यांना सहा वर्षं होती. मला पावणेदहाला अंगठा द्यायचा असतो.”

परंतु त्यांच्या समस्त गहाळ वाङ्मयात शिरोमणी म्हणावी अशी कृती होती ती पत्रीपुलावरची. कल्याणचा तो शंभरी ओलांडलेला पूल २०१८ च्या ऑगस्टात धोकादायक म्हणून बंद झाला आणि नोव्हेंबरात पाडला गेला. त्यानंतरची दोन वर्षे कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांनी वाहनांच्या रांगांत कशी काढली, हे ज्याने काढली तोच जाणे. त्या काळात मसुदेरावांनी पुलाचा इतिहास, पालिकेचा कारभार, रेल्वेचे दायित्व आणि एकूण मानवी जीवनातील सेतूचे स्थान यांवर एक पोस्ट लिहिली होती, आणि ती गेली. जानेवारी २०२१ मध्ये पूल पुन्हा उभा राहून वाहतुकीस खुला झाला. पोस्ट मात्र परतली नाही. त्यांच्या तोंडी ती वर्षागणिक वाढत गेली. प्रथम ती दोन परिच्छेदांची होती, पुढे दीर्घलेख झाली, आणि गेल्या दिवाळीपर्यंत तिच्यात कौटिल्याचा उल्लेख आला होता.

आणि ती सापडली.

सापडली ती त्यांच्या कन्येला, आणि फेसबुकात नव्हे तर व्हॉट्सअॅपात. बंद पडलेल्या वर्तमानपत्राची थकबाकी शोधण्यासाठी तिने वडिलांच्या मोबाईलवर जुन्या पेपरवाल्याचे संभाषण यादीत शोधले, तर त्याच्या नावाखाली ‘ड्राफ्ट’ असा शब्द वर्षानुवर्षे तगादा लावल्यासारखा उभा होता. मसुदेरावांनी सेतूविषयक चिंतन चुकून पेपरवाल्याच्या चौकटीत लिहिले होते, आणि मग ते फेसबुकात शोधले होते. “बाबा, ही घ्या तुमची पत्रीपुलाची पोस्ट,” असे म्हणून तिने मोबाईल पुढे केला. त्यांच्या पत्नीने देवापुढे साखर ठेवली.

मजकूर अकरा ओळींचा होता. पहिल्या तीन ओळींत मित्रहो, नमस्कार आणि सर्वांच्या प्रकृतीची चौकशी. मधल्या सहा ओळींत पत्रीपूल धोकादायक असल्याने आजपासून बंद झाला आहे, सबब शिळफाट्याकडे जाणाऱ्यांनी वेळ हाताशी धरून निघावे अशी सूचना. आणि शेवटच्या दोन ओळींत ‘या विषयावर सविस्तर नंतर लिहीन’ असे आश्वासन. कौटिल्य नव्हता. मसुदेराव बराच वेळ त्या ओळींकडे पाहत बसले होते, असे कन्या सांगते. ती काही बोलली नाही, यावरून मुलगी गुणी आहे हे उघड आहे.

तरीही मसुदा सापडल्यावर त्यावर मोर्तब करणे भागच होते. त्यांनी एक अक्षरही न बदलता तो रविवारी रात्री फेसबुकावर चढवला. ऐतिहासिक दस्तऐवजात फेरफार करू नये, हा त्यांचा विवेक. रात्रीतून नऊ अंगठे आले आणि पोस्ट कोणीतरी तीन गटांत पुढे पाठवली. सोमवारी सकाळी सहा वाजता कल्याणच्या एका शाळेच्या बसचालकाने त्यांच्या मेहुण्याला फोन करून विचारले की पूल पुन्हा कधी बंद झाला. सातपर्यंत हाच प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या तीसवर गेली. एका गृहस्थाने विमान चुकण्याच्या भीतीने शिळफाट्याची वाट सोडून वाहन भलत्याच मार्गाने नेले, ते कोंडीत अडकले, आणि त्यांनी मसुदेरावांच्या पोस्टखाली असे शब्द लिहिले की ज्यांचा मसुदा करण्याची तसदी त्यांनी घेतली नसावी. पूल तेव्हाही नेहमीप्रमाणे उघडा होता आणि त्यावरून वाहने चालली होती.

मसुदेरावांनी पावणेआठच्या सुमारास, डोंबिवलीच्या फलाटावर, आपल्या हातांनी ती पोस्ट काढून टाकली. स्वतः कर्ता होण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

आता येथे तांत्रिक बाब अशी आहे की, फेसबुकावर एकदा प्रसिद्ध होऊन मग काढलेली पोस्ट लगेच नष्ट होत नाही. ती तीस दिवस कचरापेटीत पडून असते, आणि त्या मुदतीत धन्याने बोट लावल्यास जशीच्या तशी परत येते. इंद्रायणीपेक्षा हे औदार्य सतरा दिवसांनी जास्त आहे. आयुष्यभर गहाळ मजकुरामागे धावलेल्या या माणसाला आपली पोस्ट कोठे आहे हे आता प्रथमच बिनचूक ठाऊक होते. आम्ही त्यांना रोज आठवण करून देत होतो. पंधराव्या दिवशी म्हणाले, बघू. बाविसाव्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. अठ्ठाविसाव्या दिवशी गाडी ठाण्याला येईपर्यंत त्यांनी मोबाईल खिशातून काढलाच नाही, आणि डब्यातल्या एका नव्या प्रवाशाला ते इंद्रायणीची कथा सांगत होते.

एकतिसाव्या दिवशी ते वेळेआधी फलाटावर आले होते, दाढी केलेली होती आणि अंगात नवा सदरा होता. गाडीत शिरताच चौथ्या सीटवर अर्धे टेकले, त्या नव्या प्रवाशाकडे वळले आणि दोन्ही हात फाकून म्हणाले, “पत्रीपुलावर मी एक पोस्ट लिहिली होती. एवढी मोठी. गेली.”