नावापुढची तीन अक्षरं

निकाल लागला त्याच संध्याकाळी मी दारावरच्या पाटीत नावापुढे ‘सीपीसी’ घालून घेतलं. प्रमाणपत्रावर खरं तर ‘सीपीसी-ए’ आहे. तो ‘ए’ अप्रेंटिसचा. अनुभव जमेपर्यंत शेपटासारखा मागे राहतो. पाटीवाल्याने जागेअभावी तो गाळला, मीही फार ताणलं नाही. शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्के. एवढं केल्यावर एका अक्षरासाठी कोण भांडतं? परवा खालचे काका पार्किंगच्या दाव्याचे कागद घेऊन आले. त्यांना ते सिव्हिल प्रोसीजर कोड वाटलं.

मी मेडिकल कोडर; सीपीसी म्हणजे सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेलं पुण्यात बसून वाचायचं आणि आजाराला कोड लावायचा, म्हणजे तिकडची विमा कंपनी पैसे सोडते. २०१५च्या ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे आयसीडी-१०, सत्तर हजारांच्या घरातले कोड. ‘प्राणिशास्त्र घेऊन करणार काय?’ म्हणणाऱ्या आत्याला मी डब्ल्यू ६१.३३ ऐकवते: कोंबडीने चोच मारली. टर्कीने मारली तर ६१.४३. डुक्कर चावलं तर एक, त्याने धडक दिली तर दुसरा. आणि माझा लाडका व्ही ९७.३३: जेट इंजिनात ओढला गेला. याच्याही शेवटी ‘डी’ लावायची सोय आहे, म्हणजे पुढची भेट. इंजिनात जाऊन आलेला गृहस्थ अपॉइंटमेंट घेऊन, मासिक चाळत, टाके दाखवायला बसलाय! सासरच्यांशी न पटणं, झेड ६३.१. हा मात्र मला पुस्तक न उघडता येतो.

बाबांचा सगळा इतिहास मात्र साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत आहे. ईसीजीचा कागद पांढरा पडलाय. स्टेंट नेमका कुठल्या रक्तवाहिनीत, ते झेरॉक्सवर लागत नाही. ‘आभा’ या सरकारी आरोग्य-खात्याचा चौदा आकडी नंबर काढला, त्यामागे अजून एक चिठोरं नाही. दर नव्या डॉक्टरपुढे बाबा पहिल्यापासून सांगायला बसतात आणि दर वेळी एखादी गोळी विसरतात. सातासमुद्रापलीकडच्या कोंबडीची चोच मी सात अक्षरांत जपते, आणि घरच्या माणसाचं हे असं. चीड येते.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “आधीचं काय काय आहे?”

“हिला विचारा, हिने अमेरिकेची परीक्षा दिलीय.”

मी खुर्ची पुढे ओढली. “आय १०, ई ११.९, झेड ९५.५.”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“बीपी, शुगर, स्टेंट एक,” बाबांनी सांगून टाकलं, आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.