श्रावणात हरेगाव

"काकू, यंदा तुमची पंचाईत आहे बघा. आठ सप्टेंबर मंगळवारी येतोय, अन् श्रावण तोवर सरत नाही."

"माझ्या श्रावणाचा अन् तुझ्या मतमाऊलीच्या यात्रेचा काय संबंध गं?"

"दर वर्षी माझ्या डब्यातलं मटण कोण संपवतं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. दौंडच्या रेल्वे कॉलनीमागची गल्ली, मध्ये छातीएवढी विटांची भिंत. अलीकडं काकू, काका रेल्वेत गार्ड होते. पलीकडं वहिनी, माहेर राहुरी तालुक्यात वळण-केंदळकडचं, जुनं कॅथलिक घर. दुपारी भांडी झाली की दोघी भिंतीला टेकायच्या.

"सोमवारी सातला माझा चौथा श्रावणी सोमवार," काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मग पोळा. चौदाला गणपती. मधे शनिवार वजा केला की खायला उरतं काय? तुमचं बरं असतं बाई. तारीख ठरलेली. आमच्या तिथीसारखी पळापळ नाही."

"तारीख ठरलेली, पण ती दर वर्षी तुमच्या वेगळ्याच सणात घुसते! २०२४ ला सातला तुमचे गणपती बसले अन् आठला आमची यात्रा. गेल्या साली आदल्या रात्री चंद्रग्रहण, अन् आठला पितृपक्ष लागला. यंदा श्रावण. अन् तिथीचं म्हणाल तर ईस्टर आमचासुद्धा चंद्रावरच. २१ मार्चपासूनची पहिली पौर्णिमा, तिच्यापुढचा रविवार."

"पौर्णिमा बघता होय तुम्ही? हे माहीत नव्हतं. पण आठला असतं काय नेमकं?"

"मरियामातेचा वाढदिवस. वांद्र्याची मोतमाऊलीची जत्रा त्याच सुमाराला, तमिळनाडूत वेलांकणीलाही तेव्हाच गर्दी. आपल्याकडचे नगर, पुणे, नाशिक, संभाजीनगरचे लोक हरेगाव धरतात. फादर गेरार्ड बाडर म्हणून जेझुइट होते, त्यांनी १९४९ ला सुरू केली ही यात्रा. माझी आजी पहिल्या काही यात्रांना बैलगाडीतून गेलेली."

"तिथला तो जुना कारखाना कुणाचा गं?"

"बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, इंग्रजांच्या वेळचा. आता बंद पडलाय. कंपनीसाठी घेतलेल्या जमिनींवरून आजूबाजूच्या गावांचे शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. पण काकू, एक गंमत सांगू? तिथलं चर्च संत तेरेजाचं."

"अन् यात्रा मरियेची?"

"हो!"

"म्हणजे देऊळ एकीचं अन् जत्रा दुसरीची. दोघींत भांडण नाही झालं?"

"संतांत नाही होत. माणसांत होतं. तेच तर सांगायला आले मी."

काकूंनी हातातलं तांदळाचं ताट भिंतीवर ठेवलं. आता खरी बातमी येणार हे त्यांना कळलं.

"शिरूरची नणंद माहितीय ना तुम्हाला?"

"घोडनदीत दिलेली? जिची सासू कडक आहे ती?"

"तीच. तिचा थोरला, माझा भाचा. रांजणगावला एमआयडीसीत लागलाय. गेल्या वर्षी यात्रेला आमच्याबरोबर आला होता, आठवतं? पावसात सगळ्यांच्या चपला चिखलात रुतल्या अन् हा गोडीशेवेच्या दुकानापाशी अर्धा तास उभा."

"शेव घ्यायला?"

"शेव कसली! अर्धा किलो घेतली, परत गेला, आणखी पाव किलो घेतली. शेजारी श्रीरामपूरकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यातली मुलगी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. आता वर्षभर फोनवर बोलतायत दोघं. यंदा दोन्ही घरची माणसं हरेगावला 'सहज' भेटणार आहेत."

"अगं बाई! म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच की."

"तसं म्हणायचं नाही. यात्रेत भेट झाली, एवढंच. पोहे नाहीत, साडी नाही, कुणाला मान खाली घालायला नको. जमलं तर मतमाऊलीची कृपा, नाही जमलं तर भेळ खाऊन आपापल्या गाडीत. माझं लग्न असंच ठरलं. आईनं सांगितलं मेणबत्ती लावून ये, मी लावून वळले तर हे समोर उभे, भिजलेले, हातात दोन नारळपाणी."

"मग अडलंय कुठं?"

"नणंदेच्या सासूत. घोडनदीची ती मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. प्रोटेस्टंट. अन् मुलगी आमच्यातली, कॅथलिक."

"तुमच्यात तसं असतं? मला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. आपल्या केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, ते कुणाचं मग?"

"तेही प्रोटेस्टंटच. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, पण संतांपुढं मेणबत्ती लावणं त्यांच्यात बसत नाही. त्या लोकांचं म्हणणं, प्रार्थना थेट देवाकडं करायची, मधे मरिया नको अन् संतही नकोत. आम्ही म्हणतो, मरियामाता मधे नाही, आमच्या बाजूनं शब्द टाकते. यावरून भाच्याची आजी अन् माझी सासू एकदा चार तास भांडल्या. शेवटी दोघींनी मिळून नारायण वामन टिळकांचं भजन म्हटलं. ते दोन्हीकडं चालतं."

"मग आजीबाई येणार का हरेगावला?"

"त्या दर वर्षी येतात! 'आम्ही संतबिंत मानत नाही' असं शिरूरला गाडीत बसताना म्हणतात, राहुरीला उतरून चहा पिताना म्हणतात, अन् हरेगावला मेणबत्तीच्या रांगेत आमच्या पुढं. गेल्या वर्षी मी बघितलं ना. रांगेच्या टोकाला पत्र्याचा लांब ट्रे, त्यात वाळू. गर्दी इतकी की मेणबत्ती पुरती जळू देत नाहीत. मागचा हात पुढं घालून अर्धवट जळालेली उपटतो अन् आपली खोचतो. पाऊस भुरभुरत होता, वाती चरचरत होत्या. दोन पोरं खुरप्यानं वितळलेलं मेण खरवडून बादलीत टाकत होती. आजीनं आपली मेणबत्ती लावली अन् खुरपंवाल्या पोराचं मनगटच धरलं. 'ही पुरी जळेपर्यंत हलायचं नाही.' पोरगं बिचारं उभं. मागं शंभर माणसं खोळंबली."

"कशासाठी लावली होती?"

"तेच विचारलं मी. म्हणाल्या, 'नातवाच्या नोकरीसाठी. पण मी मरियेला नाही मागितलं, देवाला मागितलं. मेणबत्ती नुसती उजेडाला.' भरदुपारी उजेड!"

काकू इतक्या हसल्या की आतून काकांनी खोकून आपण जागे असल्याचं कळवलं.

"पण लग्न लागणार कुठल्या चर्चमध्ये?"

"फादरांना विचारलंय. कॅथलिकनं दुसऱ्या पंथातल्या ख्रिस्त्याशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. मिळते, पण अर्ज करावा लागतो. मग चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असली तर सांगा म्हणून. अन् ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात सहसा लग्न लावत नाहीत."

"आमचा चातुर्मास."

"चार महिने नाही हो, चाळीस दिवस."

"बिशप कुठले पण? पुण्याचे?"

"तीच तर दुसरी भानगड. आपलं दौंड पुणे धर्मप्रांतात, शिरूरही. हरेगाव आधी पुण्यातच होतं, १९८७ ला नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा नगर जिल्हा तिकडं गेला. म्हणजे मुलगी नाशिकच्या बिशपांची, मुलगा आमच्या कुठल्याच बिशपांचा नाही, अन् मी मध्यस्थ पुण्याची!"

"रेल्वेसारखंच झालं की. दौंड पुण्यात, काष्टी आलं की नगर."

"गाडीचं म्हणता ना, काकांना विचारा, यंदा कुठली गाडी धरायची? पूर्वी पुण्याहून नगरकडं जाणारी गाडी दौंडात इंजिन फिरवायला थांबायचीच. आता काही गाड्या कॉर्ड लाइनवरून बाहेरच्या बाहेर जातात."

काका हातात पेपर घेऊन ओट्यावर आले. त्यांना कुणी रेल्वेचं विचारलं की झोप उडते. "दौंड-मनमाड लाइन १८७८ ची," त्यांनी सुरू केलं. "दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून भराव टाकले. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, सारोळा, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, पढेगाव अन् मग बेलापूर. श्रीरामपूरचं स्टेशन म्हणजे बेलापूर, लक्षात ठेवा."

"लक्षात ठेवायला नको काका. आमच्या मुंबईच्या मावशींनी एकदा मोबाइलवर बेलापूर टाकलं अन् नवी मुंबईत उतरल्या. तिथून फोन, 'यात्रेचं काहीच दिसत नाही गं इथं!'"

काका पेपर गुंडाळत आत गेले, पण दारातून म्हणाले, "तुमच्या लोकांनीच ही रेल्वे चालवली एकेकाळी."

"हो गं," काकूंना आठवलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा या कॉलनीत गोव्याची माणसं, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, बायका फ्रॉकमधे. नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये बँड वाजायचा. आमची सासू खिडकी लावून घ्यायची अन् फटीतून बघायची. पुढं कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कुणी इंग्लंडला. आता तुझ्यासारखे नगरचे जास्त."

"म्हणून सगळं मराठीत झालं. आजी सांगायची, हरेगावच्या सुरुवातीच्या यात्रांना मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडं तोंड करून म्हणायचे, लोक मागं जपमाळ ओढत बसायचे. प्रवचन तेवढं मराठीत. १९६२ ते ६५ रोमला मोठी धर्मसभा झाली, त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा आली. आता तबला, पेटी, टाळ. आजीला सुरुवातीला आवडलं नव्हतं म्हणे. लॅटिन कळत नव्हतं तेच बरं वाटायचं, म्हणायची. आता फादर काय बोलतात ते कळतं."

"मागं यात्रेला आले तेव्हा मला मिस्सातलं सगळं कळलं होतं की. म्हणून तर प्रसादाच्या रांगेत उभी राहिले."

"त्याचीच गोष्ट सांगते मी सगळीकडं! ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत काकू, ओंजळ पुढं करून, तीर्थाला करतात तशी."

"मला काय माहीत तो फक्त तुमच्यातल्यांनाच देतात. पण फादर चांगले. रागावले नाहीत, डोक्यावर हात ठेवला अन् पुढं जा म्हणाले."

"तुमच्या मागं घोडनदीच्या आजी होत्या. त्यांनाही प्रसाद नाही, नुसताच आशीर्वाद. त्या दिवसापासून तुमच्याबद्दल विचारतात. 'ती तुमची गार्डीणबाई येणार का?' म्हणून."

काकू खूश झाल्या, पण दाखवलं नाही. "बरं, माझा नातू परवा विचारत होता. त्याच्या शाळेचं नाव सेंट सेबॅस्टियन. हा कोण, आजी? मी म्हटलं शेजारच्या काकूला विचार."

"रोमन सैन्यातला शिपाई. डायोक्लेशियन बादशहाच्या राज्यात ख्रिस्त्यांना धीर द्यायचा म्हणून खांबाला बांधून त्याच्यावर बाण सोडले. मेला म्हणून टाकून गेले, तर एका विधवेनं घरी नेऊन बरा केला. बरा झाल्यावर पळून जायचं सोडून परत बादशहासमोर जाऊन उभा राहिला. मग दांडक्यांनी मारला. वीस जानेवारीला त्याचा सण. रोगराईत त्याचा धावा करतात, प्लेगात विशेष."

"म्हणजे आमची मरीआई. पटकीच्या साथीत तिला पुढं करायचे."

"असंच काहीतरी. १८९६ ला मुंबईत प्लेग शिरला, मग पुण्यात. त्या साथीत मुंबईच्या गावठाणांत ख्रिस्ती लोकांनी गल्लोगल्ली क्रूस उभे केले, अजून आहेत."

"नातवाला बाण आवडतील. मरायचं सांगत नाही मी." काकूंनी ताट उचललं, पुन्हा ठेवलं. "तर आता मला नीट सांग. मुलीकडचे कितीजण येणार?"

"आई, बाबा, एक काका, अन् मुलगी. मिस्सा आटोपली, मिरवणूक झाली की पाळण्यांपाशी भेटायचं ठरलंय. नणंदेला वाटतं सासूनं तिथं धर्माचा विषय काढू नये. म्हणून कुणीतरी सासूला बोलण्यात गुंतवून ठेवायला हवं. तिच्या वयाचं, तिला आवडणारं, अन् कुठल्याच चर्चचं नसलेलं."

काकूंनी डोळे बारीक केले. "एवढ्यासाठी आलीस होय भिंतीवर?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"श्रावणात यात्रेला जाऊ नये असं कुठं लिहिलंय? देवाचंच काम आहे. माझ्यासाठी मटण नको, मेथीचे ठेपले अन् दह्यातली मिरची घे. सोमवारचा उपास रात्री सोडून मंगळवारी पहाटे तयार असते मी." मग आवाज खाली आणून, "मतमाऊलीला हात जोडीनच. मागच्या वर्षी गुडघ्यासाठी बोलले होते, फरक पडलाय. पण खरं विचारशील तर मला ती मुलगी बघायचीय. अन् आजीबाईंना कसं गुंतवायचं ते माझ्यावर सोड. तिला म्हणेन, तुमच्या त्या मेणबत्तीनं नातवाला नोकरी लागली, आता नातसुनेसाठी एक लावा. उजेडालाच."

"काकू!"

"अन् यांनाही घेऊन येते. हे तिच्याशी दौंड-मनमाड लाइनवर बोलतील. सगळी स्टेशनं संपेपर्यंत तुमचं लग्न ठरून जाईल."