त्याला जॉब लागतो

मिनी ऑसीवाला तुमच्याही ओळखीचा असणारच. न्यू जर्सीत, डॅलसच्या उपनगरात, बे एरियात, जिथे म्हणून मराठी मंडळ आहे तिथे हा एक तरी आहे. खिशात बिस्किटांचा भुगा, काळ्या पँटवर गुडघ्यापर्यंत करडे केस आणि बोलताना नजर सारखी जमिनीकडे. आमच्या वाट्याला आलेल्या गृहस्थांच्या कुत्र्याचं नाव गोट्या. त्याला पाहून “अय्या, ऑस्ट्रेलियन शेफर्ड!” असं चुकूनही म्हणू नका. म्हणालात तर चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

मुळात ऑसी, म्हणजे ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ऑस्ट्रेलियाचा नाही. ही जात अमेरिकेच्या पश्चिम भागात, तिथल्या मेंढपाळांच्या आणि गुराख्यांच्या हाताखाली घडली. त्यातून गोट्या मिनी. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या नॉर्को गावी डोरिस कॉर्डोव्हा या बाईंनी चणीने लहान ऑसी निवडून ही पैदास सुरू केली. घोडे घेऊन गावोगावच्या स्पर्धांना हिंडणाऱ्यांना गाडीत मावणारं हे कुत्रं पसंत पडलं. २०१५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्याला ‘मिनिएचर अमेरिकन शेफर्ड’ या नावाने स्वतंत्र जात मानलं. नराची उंची खांद्याशी १४ ते १८ इंच, गोट्या १७. एवढं सगळं एका दमात सांगून झालं की ते थांबतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, “दिसतो छोटा. पण त्याला जॉब लागतो.”

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरात मुलं अभ्यासाला बसली नाहीत तरी हेच म्हटलं जातं. गोट्याने सोफ्याची उशी फाडली? त्याला जॉब लागतो. पोस्टमनच्या गाडीमागे धावला? जॉब. मग जॉब काढणं सुरू झालं. मोजे शोधून आणणं, खेळणी टोपलीत भरणं, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत पोचवताना सोबत करणं. या शेवटच्या कामात गोट्या नेमकं काय करतो, असं मी विचारलं. “सुपरव्हाइज करतो,” उत्तर आलं.

पण गणपतीच्या आरतीला त्याने कमाल केली. निम्मी मंडळी किचनमध्ये, काही डेकवर, मुलं बेसमेंटमध्ये. यांना एकत्र आणणं मंडळाच्या सेक्रेटरीलाही कधी जमलेलं नाही. त्या दिवशी मात्र घंटा वाजायच्या आत अख्खं गाव गणपतीसमोर दाटीवाटीने उभं! बॉर्डर कॉली दबा धरून नुसत्या नजरेने मेंढ्या हलवतो. ऑसी थेट टाच धरतो. एक मामी पैठणी सावरत माझ्या अंगावर आल्या तेव्हा मला उलगडा झाला. आरती संपली तरी कोणाला हलता येईना. दुसऱ्या मोदकासाठी किचनकडे निघालेल्या एका काकांना गोट्याने दोनदा परत आणून उभं केलं. यजमान कृतार्थ चेहऱ्याने कापूर लावत होते. “बघितलंत? जॉब करतोय.”

त्यांचे वडील फलटणहून आले होते. त्यांनी गोट्याला दोन दिवस न्याहाळलं आणि विचारलं, “ह्याला मेंढरं कुठायत? आमच्याकडं धनगराचं कुत्रं रातीला लांडग्यापासून कळप राखतं. हाकायला धनगर असतोय की.” हे यांच्या मनाला लागलं. पुढच्याच शनिवारी बापलेक आणि गोट्या पेनसिल्व्हेनियातल्या एका फार्मवर. तिथे पैसे भरले की कुत्र्याला मेंढ्यांमध्ये सोडतात, उपजत गुण तपासतात आणि सर्टिफिकेट देतात. गोट्या पास झाला. परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प राहून म्हातारबुवा म्हणाले, “म्हंजे मेंढरं राखली आपण, आन पैसंबी आपणच दिलं?”

सर्टिफिकेट फ्रेम करून मुलीच्या डिग्रीशेजारी लावलंय. डिग्रीपेक्षा ते चार बोटं वर आहे.

त्यांचं खरं हाडवैर आहे ते टॉयवालीशी. दोन घरं सोडून राहणाऱ्या या बाईंकडे ‘टॉय ऑसी’ आहे, उंची १२ इंच, आणि तो बहुतेक वेळ त्यांच्या खांद्यावरच्या झोळीतून जग बघतो. केनेल क्लब टॉयला मानतच नाही, हे गृहस्थ रस्त्यातसुद्धा ऐकवतात. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, “मानू दे नाहीतर नको. याला जॉब लागतो.” त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे.

औषधांचं तर विचारूच नका. या जातीत एमडीआर१ नावाच्या जनुकाचा दोष आढळतो. तो असला तर आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस किंवा माणसाची जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी जिवावर बेतू शकते. हे अगदी खरं आणि महत्त्वाचं आहे. पण ते पाणीपुरी हातात असताना सांगायचं नसतं.

मग गेल्या मार्चमध्ये त्यांच्या कंपनीनेही मिनी व्हायचं ठरवलं. माणसं निम्मी, काम तेवढंच. यांचं नाव नको असलेल्या निम्म्यांत निघालं. ते कोणाशी बोलले नाहीत. पण भर मंगळवारी सकाळी अकराला जो माणूस तळ्याभोवती कुत्रं फिरवतो, त्याचं काय झालंय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. कोणाच्या तरी बारशाला एकाने सवयीने विचारलं, “काय, गोट्याचा जॉब काय म्हणतो?” ते नुसते हसले. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे, आम्हाला चुकल्यासारखं होऊ लागलं.

वहिनी एकदा बोलून गेल्या. सकाळी साडेसहाला गोट्या यांच्या पायातला मोजा ओढतो. दुपारी टीव्हीसमोर बसू देत नाही, टाच धरून उठवतो. अर्ज भरायला लॅपटॉप उघडला की मात्र पायाशी गप पडून राहतो. “मला जे बोलता येत नव्हतं ते तो करत होता,” त्या म्हणाल्या आणि पोह्यांवर खोबरं घालायला आत गेल्या. मीही त्यानंतर गोट्याला दारातून हुसकावणं सोडलं. पँटवर केस आले तर आले.

आता त्यांना नोकरी लागली आहे, पगार आधीपेक्षा कमी, काम घरून. वाक्यही परत आलंय, थोड्या हळू आवाजात.

एवढं वाचून कोणाला मिनी घ्यावासा वाटलाच, तर पिल्लाचे आईबाप दोघेही मर्ल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, नाहीत ना ते आधी विचारा. तशा जोडीची पिल्लं बहिरी, आंधळी निपजू शकतात. एमडीआर१ची तपासणी मागा. आणि फ्लॅट लहान आहे म्हणून कुत्रंही लहान, असा हिशेब असेल तर कृपा करून मासे पाळा.