घराण्याची लय

आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते उगाच चिडत. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांनी आक्रमणाच्या चाली ठरवण्याचे काम चिरंजीव ब्रायन यांच्याकडे सोपवले, यात गैर ते काय? घराणे म्हटले की विलंबित लय आलीच. 2022 साली साउथ डकोटा स्टेटविरुद्ध हा संघ 7-3 असा जिंकला, तोही एकही टचडाउन न करता. एक फील्ड गोल, आणि बचावफळीच्या कृपेने दोन सेफ्टी. इतकी काटकसर कोकणातल्या आजोबांनाही जमायची नाही.

तरी विद्यापीठाने 2023 च्या करारात चिरंजीवांना सामन्यामागे सरासरी 25 गुणांची जाचक अट घातली. बचावफळीने केलेले गुणही त्यांच्याच खात्यात धरायचे, एवढी माणुसकी ठेवली म्हणा. सरासरी भरली पंधराच्या आसपास. सामने मात्र दहा जिंकले!

तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, आक्रमणफळी मैदानात उतरवूच नये. चेंडू हाती येताच पंट करून प्रतिस्पर्ध्याला सन्मानाने परत करावा. त्या कलेत आयोवाचा हात, म्हणजे पाय, कोण धरणार? त्याच मोसमात देशातल्या सर्वोत्तम कॉलेज पंटरचा पुरस्कार आयोवाच्या टोरी टेलरला मिळाला. ब्रायन यांनी त्याला सरावाची कमतरता कधी पडूच दिली नव्हती.