पिढीपंडित

हल्ली प्रत्येक ऑफिसात एक तरी पिढीपंडित असतो. आमचा एचआरमध्ये बसतो. पूर्वी नव्या माणसाला गाव, आडनाव आणि जमलं तर रास विचारत. हा जन्मसाल विचारतो आणि तिथल्या तिथे पत्रिका मांडतो. १९६४ पर्यंतचे बूमर, १९८० पर्यंतचे जेन-एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल आणि त्यापुढची पोरं जेन-झी. स्वतः डिसेंबर ९६ चा. शेजारच्या टेबलावरची मुलगी जानेवारी ९७ ची. तिच्याशी त्याचं प्रत्येक वाक्य "तुमची पिढी म्हणजे ना..." असं सुरू होतं. दहावीला दोघं एकाच वर्षी बसले होते.

बूमर हे प्रकरण मुळात अमेरिकेतलं. महायुद्ध संपून सैनिक घरी आले, १९४६ पासून पाळणे हलू लागले आणि १९६४ च्या सुमारास तो बहर ओसरला. आपल्याकडे ओसरला कुठे? सरकारला भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवावे लागले. पण हे पंडिताला सांगून उपयोग नाही. अकाउंट्समधले मुदतवाढीवरचे काका १९६४ चे, म्हणजे बूमरच. मग माउसला हात न लावता ते एक्सेलच्या चार शिटांचा मेळ घालून दाखवोत. "अपवाद," म्हणतो.

सहाच्या ठोक्याला ट्रेनी उठली, तर "जेन-झी. बांधिलकीच नाही." काका उठले, तर "दमतात हो आता." साडेपाचला हा स्वतः बॅग उचलतो, ते मात्र वर्क-लाइफ बॅलन्स.

१९९६ ची रेघ २०१८ मध्ये मारली ती अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने. त्यांनीच २०२३ मध्ये ही लेबलं यापुढे जपून वापरू, असं जाहीर केलं. ते मी त्याला मुद्दाम दाखवलं. नीट वाचून म्हणाला, "वरती बूमर बसलेले असणार."

सध्या त्याचं 'रिव्हर्स मेंटॉरिंग' जोरात आहे. ट्रेनीने काकांना इमोजी शिकवायचे. रोज चारला दोघं कँटीनमध्ये कटिंग घेऊन बसतात. इमोजी पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत आटोपले, कारण काकांच्या नातीने ते काम केव्हाच उरकलंय. तेव्हापासून काका बोलतात: जुनी कररचना कुणाला परवडते, नोकरी बदलताना पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा. ती लिहून घेते. वहीत! पेनाने!

पंडिताने लांबूनच ती वही पाहिली आणि महिन्याच्या अहवालात टाकलं : "बूमरची प्रगती समाधानकारक."